मनात वाचणं

प्रिय नानाय, माझ्या आई,

मागच्या पत्रात सराव परीक्षा छान झाली असं लिहिलं, ते खरं नव्हतं. मला मध्येच बाहेर काढलं.

घरी आईही तूच, शाळाही तूच. प्रश्न तू मोठ्याने वाचायचीस. इथे सेबू शहरात, लॉ कॉलेजच्या प्रवेशाच्या त्या सराव परीक्षेत, मीही प्रश्न नकळत पुटपुटत वाचले. मागची मुलगी म्हणाली, “ताई, रोझरी चर्चमध्ये जाऊन म्हण गं!” सगळे हसले.

मनात वाचलं की तुझा आवाज येत नाही, खोली आणखी रिकामी होते. पण खऱ्या परीक्षेत पुटपुटले तर पेपरच काढून घेतील. हे कळलं तर तू हाँगकाँगची नोकरी सोडून येशील, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

मी तुझ्याशिवाय वाचणार आहे, येत्या रविवारी, चौदा तारखेच्या खऱ्या परीक्षेत.

तुझी,
आमिहान