आयलीबाईंच्या दारातल्या फांद्या

ड्युसेलडॉर्फ, जून १९६३

प्रिय अक्का,

नात सुलेखाला साताऱ्याला माझ्याकडे ठेव, नाहीतर पोरीची मराठी जाईल, असं तू लिहिलंस. मीही हो म्हटलं होतं. पण काल शेजारच्या अमेरिकन आयलीबाईंनी दाराला बर्चच्या फांद्या बांधल्या. म्हणाल्या, आज आमचा फिनलंडचा सण.

"फिनलंड कधी सोडलंत?"

"पाहिलंच नाही हो. आजोबा मिशिगनला तांब्याच्या खाणीत आले. आमच्या गावात सगळे फिनिशच. आज तळ्याकाठी जाळ करून गातात."

मग त्या गायल्या. मी अर्थ विचारला, तर हसल्या. "निम्माच येतो. चाल मात्र सगळी येते."

"शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही. मोठी माणसं गायची, आम्ही मध्ये घुसायचो."

मी तर सुलेखाला समोर बसवून कविता घोकवून घेतो, आणि ती कंटाळते. आज मात्र मटार सोलताना श्रीरंग आणि मी, बापलेक, आपल्याच नादात चौथीतली पाखरांची कविता म्हणत बसलो. दुसऱ्या कडव्याला ती मांडीवर येऊन बसली. संपल्यावर म्हणाली, "नोख माल, आजोबा." म्हणजे जर्मनमध्ये 'पुन्हा एकदा'.

आता तिला तिकडे कशी पाठवू? तुला नाही म्हणायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र उशीखालीच राहील. उद्यासाठी मात्र सूनबाईंना मटार आणायला सांगितलेत.

तुझा धाकटा,
यशवंत