उजव्या बाजूची सीट

लीड्स,
सोमवार दुपार

प्रिय मिहीर,

या पाकिटात पत्राच्या मागे कापसात गुंडाळलेलं काहीतरी टणक हाताला लागेल. ते आत्ताच उघडू नकोस. आधी पत्र पुरतं वाच, आणि एकट्यानं वाच. शाल्मलीला नंतर दाखवलंस तरी चालेल, सूनबाईपासून लपवावं असं यात काही नाही. लपवायचं ते सगळं मी आत्तापर्यंत लपवून झालंय. फोन का केला नाहीस म्हणशील, तर आमच्या घरात हल्ली फोनची सोय उरलेली नाही. मी फोन उचलला की शेजारच्या खोलीत तुझे बाबा टीव्हीचा आवाज बारीक करतात. मग कोणाचा होता, काय म्हणत होता, गाडीचा विषय निघाला का, अशी उलटतपासणी. तुझं नाव ऐकलं की भुवया वरच चढतात. आत्ता ते मागच्या बागेत टोमॅटोंना पाणी घालताहेत, आणि मी ओट्याशी उभी राहून लिहितेय, कारण इथून त्यांची पाठ दिसते. बघ, संशयाची लागण मलाही झालीच आहे.

दिवाळीपासून कॅडिलॅक बंद आहे, हे तुला माहीत आहे. पण या आठ महिन्यांत कोणाकोणावर आळ आला, याची मजा तुला माहीत नाही. पहिला नंबर पेट्रोलपंपाचा, त्यांनी म्हणे पाणी मिसळलेलं पेट्रोल दिलं. मग बॅटरीवाला, त्याच्याकडून दोन बॅटऱ्या आल्या आणि दोन्ही ‘जुन्याच होत्या, पुसून दिल्या’. मग बागेतला कोल्हा, जो वायरी कुरतडतो. बरं, मेकॅनिकला बोलवा म्हटलं, तर तेही नाही. चाळीस वर्षं लोकांची हाडं जोडलेला सर्जन, तो आपला पेशंट दुसऱ्याच्या हाती देणार होय? रोज सकाळी नाश्ता झाला की टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये जायचं, बॉनेट उघडायचं, तासभर वाकून बघायचं आणि कंबर धरत परत यायचं, हे रोजचं झालं. आणि मे महिन्यात एके सकाळी ते आत आले ते पांढरेफटक होऊन. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखालचा रोटर, म्हणजे ज्याच्यावाचून ठिणगी पुढे जात नाही तो बोटभर तुकडा, जागेवर नव्हता. कोणीतरी काढून नेला होता. कोणी नेला, हे त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच ठरवलं होतं. त्यानंतर त्यांनी तुला केलेला फोन मी जिन्यात उभी राहून ऐकला. दिवाळीत तू बॉनेट उघडून ‘हिला इलेक्ट्रिक करून टाकू या’ म्हणालास, आणि दुसऱ्याच दिवशी गाडी बंद पडली. त्यांच्या हिशेबी यापेक्षा मोठा पुरावा कोर्टातही लागत नाही. तू फोन आपटलास. दीड महिना झाला, बापलेकांत एक शब्द नाही.

तुला त्या गाडीचा कंटाळा आहे, मला माहीत आहे. लहानपणी पाहुणे आले की ब्रुकलँड्सची गोष्ट सुरू व्हायची आणि तू टेबलाखाली जायचास. तरी आज ती मला पुन्हा सांगावी लागतेय, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलंय. एकोणीसशे आठ साली इथल्या ऑटोमोबाइल क्लबनं ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक सुट्ट्या केल्या, सगळ्या भागांचा एकत्र ढीग केला, काही भाग काढून दुकानातले सुटे भाग त्यात घातले, आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. तिन्ही चालू झाल्या, पाचशे मैल पळाल्या. त्या काळी प्रत्येक भाग कानसून कानसून बसवायचा असे. एकीचा भाग दुसरीला बसतो, हे लोकांना खरंच वाटेना. तिथून त्या कंपनीची चढती कमान. हँडल न मारता चालू होणारी गाडी त्यांनी आणली, म्हणजे बायकांनाही गाडी चालू करता येऊ लागली, असं बाबा माझ्याकडे बघून सांगायचे. मग ते माशाच्या शेपटीसारखे पंख, क्रोम, सगळा थाट. आणि मग तेलाची टंचाई आली, जर्मन गाड्या आल्या, आणि सगळं ओसरलं. त्या ओहोटीतच त्र्याऐंशी साली हॅरोगेटजवळच्या तळावरचा एक अमेरिकन मायदेशी परत निघाला आणि त्याची बहात्तरची डी व्हिल आमच्या पदरात पडली. गल्लीतल्या इंग्रजांना वाटलं, हे इंडियन डॉक्टर वेडे झाले. ती कंपनी आता पुन्हा वर आलीय, विजेवर धावतेय, हे तू त्यांना व्हिडिओ पाठवून दाखवलंस. त्यांनी तो तीनदा बघितला, हे मी तुला सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा म्हणाले, उठून बसली खरी, पण आवाज नाही, हिचा भरवसा काय.

आता माझं. मी भूल देणारी बाई. झोपलेल्या माणसाचा श्वास, नाडी, बोटांचा रंग यांकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि सगळं ठीक दिसलं तरी ठीक आहे असं मानायचं नाही, हेच मी आयुष्यभर केलं. त्यामुळे घरातही माझ्या नजरेतून फारसं सुटत नाही. तरी हे सुटलं. बाबा सत्तरीचे झाल्यापासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभे राहतात आणि समोरच्या मॅरियनच्या गाडीचा नंबर मोठ्यानं वाचतात. वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे हा इथला कायदा, म्हणून हा आमच्या घरचा रोजचा विधी. वाचून झालं की म्हणायचं, ‘अजून पास.’ गेल्या ऑक्टोबरात मॅरियननं जुनी गाडी दिली आणि नवी घेतली. रंग तोच, करडा. नंबर अर्थातच नवा. त्या सकाळी बाबा खिडकीत उभे राहिले, कप हातात घेतला, आणि जुना नंबर न अडखळता म्हणून दाखवला. ‘अजून पास.’

मी गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले. पहिल्यांदा वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच नंबर. मग मी बघायला लागले, जशी ऑपरेशन टेबलाशी बघायची तशी. चहा ओतताना ते कपाच्या कडेला किटली टेकवून अंदाज घेतात. माझ्याकडे बघताना मान किंचित तिरकी करतात, म्हणजे मी डोळ्याच्या कडेला येते. पेपर वाचतात तो फक्त मथळे. एका रविवारी गाडीत झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई बाबागाडी घेऊन अर्ध्यावर आली होती. मी ओरडले तेव्हा ब्रेक लागला, आणि वर मलाच ऐकवलं, ‘दिसली होती मला.’ चष्मेवाल्याकडे फोन केला तर त्यानं गोपनीयतेचं सांगून मला वाटेला लावलं. शेवटी गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये एक घडी घातलेला कागद सापडला, चौकोनाचौकोनांचा, मधे ठिपका. डोळ्याचा पडदा मधोमध झिजला की रेषा कुठे वाकतात हे त्याच्यावर तपासतात. त्यांनी त्याच्यावर पेन्सिलीनं गोल काढले होते आणि बाजूला तारखा. दीड वर्षाच्या तारखा. म्हणजे ते सगळं जाणून होते आणि तरीही लायसन्सच्या फॉर्मवर ‘दृष्टी ठीक’ असं लिहून बसले होते. मी इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. त्यांना वाटलं, दिवाळीच्या फराळानं दमलीय.

मग तुम्ही दिवाळीला आलात, आणि जेवताना त्यांनी ईशानीला कबूल केलं की तुझ्या प्रॉमला, शाळेच्या त्या निरोपाच्या पार्टीला, तुला मी कॅडिलॅकमधून सोडणार. पोरीनं त्यांच्या गळ्यात हात टाकला. ‘आजोबा, that's literally the best car, सगळ्या जळणार,’ म्हणाली. तू हसत होतास. मी वाढता वाढता झेब्रा क्रॉसिंगवरची ती बाबागाडी आठवत होते. सोमवारी तुम्ही नॉटिंगहॅमला निघालात, ते आंघोळीला गेले, आणि मी गॅरेजमध्ये जाऊन दोन स्क्रू काढले.

हो, मी. तू नाहीस, कोल्हा नाही. मला कसं येतं विचारशील. त्या अमेरिकनानंच शिकवलं होतं: महिनाभर बाहेर जाणार असाल तर हा तुकडा काढून खिशात घाला, गाडी कोणी चालवूच शकणार नाही. आपण पुण्याला निघालो की दर खेपेला बाबा तो काढायचे आणि मी माझ्या पर्समध्ये ठेवायचे. कधी कधी तर काढायचेही मीच. पुणं बंद झालं त्याला आता सात-आठ वर्षं झाली, पण बोटं विसरत नाहीत. मिहीर, हा तुकडा काढता येणारं आणि ठेवायची जागा माहीत असलेलं या देशात त्यांच्याशिवाय एकच माणूस आहे. त्यांनी सगळ्या जगावर संशय घेतला, पोटच्या मुलावर घेतला. माझ्यावर एकदाही नाही. टॉर्च मी धरायचे, आणि ते रिकाम्या जागेकडे बघत म्हणायचे, रोटर जागेवर आहे, दोष दुसरीकडेच आहे. डोळ्याला जे दिसत नाही ते मेंदू जुन्या ओळखीवर भरून काढतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. सात महिने मी ते बघत होते आणि टॉर्च हलू देत नव्हते. मे महिन्यात बोटांनी चाचपलं, तेव्हाच त्यांना कळलं.

तू म्हणशील, आई, तोंडावर का नाही सांगितलंस? त्याचं उत्तर तुझ्या गळ्याखालच्या हाडात आहे. आपली गाडी अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे. पुढच्याला ओलांडायचं तर समोरून काय येतंय हे बाबांना दिसायचंच नाही. दिसायचं ते उजवीकडे बसलेल्या मला. ते विचारायचे, ‘जाऊ?’ मी म्हणायचे, ‘जा’ किंवा ‘नको’. तिसरा शब्द काढायचा नाही, हा आमचा नियम. शहाऐंशी साली स्किप्टनच्या रस्त्यावर तू मागून बिस्किट मागत होतास. मी मागे वळून पुडा फोडत होते, आणि त्यांनी विचारलं तेव्हा रस्त्याकडे न बघताच मी ‘जा’ म्हणाले. दुधाचा टँकर समोर होता. त्यांनी गाडी गवतात घातली, तुझं कॉलरबोन मोडलं. पोलिसांना, हॉस्पिटलला, तुझ्या आजीला, सगळ्यांना त्यांनी सांगितलं, ‘घाई माझीच झाली.’ ‘बाबांनीच मोडलं आणि बाबांनीच जोडलं’ असं तू अजून मित्रांना सांगतोस, आणि त्यांच्या शेजारी बसायला अजून बिचकतोस. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही, आणि मीही नाही. तू बरा झाल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी गाडी काढली, एका ट्रॅक्टरच्या मागे आलो, आणि ते शांतपणे म्हणाले, ‘जाऊ?’ मला रडू फुटलं. त्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू, की तुमचे डोळे गेलेत आणि मी तुमच्यावर पाळत ठेवतेय?

पण आता थांबता येत नाही. मिशिगनहून त्यांनी नवा रोटर मागवलाय, तो गुरुवारी येतोय. त्यांच्या त्या ढिगातल्या सुट्या भागांसारखा तो बरोब्बर बसणार, डोळे मिटूनसुद्धा बसवता येईल असा. शुक्रवारी ईशानीचा प्रॉम आहे. ती मागे बसेल, त्यांना काही दिसणार नाही, आणि मी उजवीकडे बसून किती म्हणून ओरडणार? म्हणून हे पत्र. आता कापूस उघड. त्याला लवंगांचा वास येईल, आठ महिने तो लवंगांच्या डबीत होता. तुझ्याकडे सापडला तर त्यांचा संशय खराच ठरेल, तेव्हा हे पत्रही सोबत ठेव. गुरुवारी पोस्टमनच्या आधी, सकाळीच ये. मी त्यांना समोर बसवून सगळं सांगणार आहे, रोटरचं, चौकोनांच्या कागदाचं, आणि तुझ्या देखत स्किप्टनचंही. मग तुम्ही दोघं मिळून तो रोटर बसवा. शुक्रवारी गाडी तू चालव; ते माझ्या जागी, उजवीकडे बसतील, मी मागे ईशानीपाशी. ते रागावतील, कदाचित माझ्याशी बोलणार नाहीत, आणि मग शेवटी मलाच विचारतील, एकदाच, मी चालवू का म्हणून. त्या वेळी मला ‘नको’ म्हणायचंय, मिहीर. एवढ्या वर्षांत त्यांना नको म्हणताना मला कधी भीती वाटली नाही. आता वाटते. तू खोलीत असलास तर म्हणेन.

दोन वेळा जिचा दोष दुसऱ्यानं वाहिला, ती तुझीच,
आई