डाव्या हाताची मुरड

प्रिय अम्मी,

सलाम. हे सगळं तुझ्या कबरीपाशी येऊन बोलायचं होतं, पण आपल्या मोहल्ल्यातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. म्हणून लिहायला बसलेय. तसंही तू समोर असताना बोलायची माझी कुठे टाप होती?

सकाळी असलमचा मुंब्र्याहून फोन आला. ईदला येतोय, शबाना आणि पोरांना घेऊन. मी म्हटलं, या, नेवऱ्यांचं खोबरं किसून ठेवलंय. तर तुझा लेक म्हणतो, "आपा, तू कशाला त्रास करून घेतेस? अम्मीच्या हातची चव आता थोडीच येणार? मी येताना हातखंब्याच्या नाक्यावर दुकानातल्या करंज्यांचे बॉक्स घेतो." आणि फोनवरच रडायला लागला. तुझ्या नेवऱ्या आठवून!

तेवढ्यावर भागलं नाही. दुपारी शेजारच्या सावंतकाकू कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी आल्या. दर ईदला पहिलं ताट त्यांच्याकडे जातं, आणि ते कधी रिकामं परत येत नाही. त्या डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "यंदा काय गो, तुझ्या आईबरोबर नेवऱ्या पण गेल्या बघ." मी "हो" म्हटलं आणि आत आले. आत आल्यावर स्वतःचाच एवढा राग आला म्हणून सांगू! हो काय हो?

अम्मी, गेल्या पाच ईदांच्या नेवऱ्या कोणी केल्या होत्या? हे दोघींनाच माहीत. त्यातली एक तू. तुला जाऊन पाच महिने झाले, आणि सगळे रडताहेत माझ्या नेवऱ्यांसाठी, तुझं नाव घेऊन. मी जिवंत आहे आणि माझं काम तेवढं दफन झालंय.

तुला आठवतं, तलाक होऊन मी घरी आले ते साल? रमजान चालू होता. सारण तयार होतं, पिठाला तुपाचं मोहन घालून तू ते मळून ठेवलं होतंस. मी हात धुऊन पाटावर बसले. लहानपणापासून बसायचे तशीच. तू माझ्या पुढ्यातली परात उचललीस आणि म्हणालीस, "तू चारोळ्या सोल." मला आधी कळलंच नाही. मग तूच हळू आवाजात सांगितलंस की नेवरीच्या कडेची मुरड नांदत्या बाईनेच घालायची, तुझ्या सासूने घालून दिलेला रिवाज आहे. "लोक खायचे नाहीत गो."

कुठल्या किताबात लिहिलंय ते? मशिदीतल्या मौलानांच्या बायकोला मी एकदा विचारलं होतं. ती बिचारी हसली आणि म्हणाली, धर्मात असलं काही नाही. मी तुला येऊन सांगितलं, तर तू म्हणालीस, "तिला काय माहीत आपल्या घरातलं." म्हणजे माझं दुःख नाही अम्मी, तुझ्या सासूचा रिवाज मोठा!

मग मी चारोळ्या सोलल्या. खजूर चिरले, पिस्त्यांचे काप केले, शीरखुर्म्याचं दूध आटवलं. या सगळ्याला तलाक चालत होता. फक्त मुरडीला चालत नव्हता.

शबाना, तुझी नांदती सून, ईदच्या दोन दिवस आधी यायची. तू तिच्या हाताने पहिली नेवरी घालून घ्यायचीस. तिची मुरड तेलात पडली की उकलायची, सारण कढईभर. तू म्हणायचीस, "असू दे, शकुनाची हाय." शकुनाची! सगळं तेल गाळून घ्यायला लागायचं, आणि ते गाळायचे मी.

नंतर तुझी बोटं संधिवाताने वाकडी झाली. त्या रमजानमध्ये तू एक नेवरी घालायला घेतलीस आणि ती तुझ्या हातातून खाली पडली. आपण दोघी तिच्याकडे बघत बसलो. मला वाटलं, आता म्हणशील, घे, घाल तू. म्हणालीस, पण कसं? आधी उठून मागचं दार लावलंस. आणि वर म्हणालीस, "माझ्यासारखी घाल. कोणाला कळता कामा नये."

तुझ्यासारखी म्हणजे डाव्या हाताने. तू डावखुरी. आपल्या सगळ्या राजिवडा मोहल्ल्यात तुझीच मुरड उलटी जायची, ताटावरचा रुमाल काढला की बघणारा सांगायचा, ही तुमच्याकडची. आणि मी उजव्या हाताची! तो अख्खा महिना मी दार लावून डाव्या हाताने मुरड शिकले. उपाशीपोटी, तोंडात पाण्याचा थेंब नाही, सारणाची चव घ्यायची सोय नाही. अंगठा सुजला. शंभरेक मुरडी मोडल्या असतील. तू समोर बसून "परत घाल" एवढंच म्हणायचीस. इफ्तारनंतर एक तोडून खायचीस आणि सांगायचीस, "साखर जरा कमी."

लहानपणी डाव्या हाताने घास घेतला म्हणून तुझी आई तुझ्या हातावर उलथणं मारायची ना? हे तूच मला सांगितलं होतंस. ज्या हातापायी तू मार खाल्लास, तोच हात तू मला लावलास. तुला एकदाही काही वाटलं नाही?

ईदच्या दिवशी बायका यायच्या. काकू म्हणायच्या, "या वयात काय मुरड घालता हो तुम्ही!" तू खुर्चीत बसून म्हणायचीस, "अल्लाचा करम." मी शीरखुर्म्याचे पेले घेऊन तिथेच उभी असायचे. तू माझ्याकडे बघायचीस सुद्धा नाहीस. असलम पोरांना सांगायचा, दादीच्या हातची खा रे, अशी कुठे मिळायची नाही. तो खराच बोलत होता, फक्त हात चुकत होता.

एकदा मी म्हटलं, अम्मी, लोक खातच आहेत की माझ्या हातचं! कुठे कोणाचं वाईट झालं? तर म्हणालीस, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मूठ तुझी होती अम्मी, झाकलेली मी होते.

आता एक गोष्ट लिहिते. ती आठवली की सगळ्यात जास्त जळतं. शेवटच्या आजारपणात तुला नेवरी खावीशी वाटली. ईद नाही, काही नाही. मी चारच केल्या. तू एक हातात घेतलीस, मुरडीवरून बोट फिरवलंस. खोलीत आपण दोघीच होतो. मागचं दारही उघडंच होतं, त्या दिवशी तू लावायला सांगितलं नाहीस. मी वाट बघत उभी राहिले. आता तरी म्हणशील, रुबीना, तुझ्या हाताला चव आहे. तू म्हणालीस, "अगदी माझ्यासारखी झाली." आणि डोळे मिटून खाल्लीस.

ती शाबासकी होती का गो? पाच महिने मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघतेय. कधी वाटतं, तुझ्याकडे याहून मोठं बोलणंच नव्हतं. कधी वाटतं, जातानाही तू माझं नाव घेतलं नाहीस. मला तुझी फार आठवण येते, आणि तुझा फार राग येतो. दोन्ही एकाच वेळी येतात, त्याला मी काय करू?

काकू गेल्यावर मी पीठ मळलं. मागचं दार सताड उघडं ठेवलं आणि उजव्या हाताने मुरड घालायला बसले. आणि काय सांगू अम्मी, येईना! उजवा हात विसरलाय. दोन चुण्या घातल्या की डावा हात आपोआप पुढे येतो, तुझ्यासारखा. कशीबशी एक पुरी करून तेलात सोडली, तर उकलली. शबानाची उकलायची तशीच. सारण जळून काळं झालं. तेल गाळून परत कढई ठेवलीय. दुसरीही उकलली. आता तिसरी घालायचीय.

तुला वचन देते. ईदला अजून चार दिवस आहेत. तोवर ही मुरड मी सरळ करीन. सावंतकाकूंचं ताट मी स्वतः घेऊन जाईन, रुमाल मीच काढीन, आणि त्यांनी विचारायच्या आत सांगेन की या नेवऱ्या माझ्या आहेत आणि आधीच्याही माझ्याच होत्या. असलमलाही सांगेन, शबानासमोर. मग कोणी खावं, कोणी ठेवावं.

आणि एक डाव्या मुरडीची करीन. एकच. ती कोणाला देणार नाही. इफ्तारला मीच खाईन, तुझी म्हणून.

तुझ्या पाच ईदांच्या नेवऱ्या करणारी,
रुबीना