गुरूच्या मागचा मणी

तीर्थस्वरूप दादास,

समोरच्या दाराआडून धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाकिटावर पत्ता म्हणून नुसतं ‘समोर’ लिहिलंय. आपल्या दोन दारांमध्ये चार पावलं आहेत, आणि ड्रिल मशीन कोणी हरवलं यावरून धरलेला तीन वर्षांचा अबोला.) तुझी खुशाली मला दारातूनच कळते. मंगळवारपासून खोकतोयस. औषध घेतोस की नेहमीसारखा अंगावर काढतोस?

इकडे माझं पार हसं झालंय. संग्रहालयातला ग्रहमालेचा फिरता देखावा मी सांभाळतो, हे तुला ठाऊक आहेच (कधी बघायला आला नाहीस, असो). आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, गुरूच्याच कक्षेत एक लघुग्रह बसवा. मी दीडशहाणा! एका वाटेवर दोघं म्हणजे शर्यत असणारच, असं धरून चाललो आणि लघुग्रहाच्या मण्याला वेगळं दातेरी चाक दिलं, तेही चपळ. परवा पाहुण्यांसमोर बटण दाबलं. तिसऱ्या फेरीत मण्याने गुरूला मागून गाठून असा टोला हाणला, की गुरूमहाराज गडगडत थेट प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीखाली. पाहुणे पाय वर घेऊन बसलेले आणि मी ओणवा होऊन ग्रह शोधतोय! मॅडमनी मग समजावलं, की हा लघुग्रह गुरूला गाठायला जातच नाही. वर्तुळाचा सहावा हिस्सा मागे राहून त्याच्याच चालीने सूर्याभोवती फिरतो. बारा वर्षांची एक फेरी, दोघांचीही. आता दोघांना एकाच चाकावर बसवलंय. धडक नाही की भेट नाही. सगळे वा वा म्हणतात, मला मात्र ते बघवत नाही.

कारण आपलं तेच चाललंय, दादा. आठला तुझी कडी वाजते. मी बूट घालून आत उभा असतो आणि तुझ्या चपला तळमजल्यावर पोचल्या की निघतो. जिना एक, रस्ता एक, थांबा एक. तू पुढच्या बसने, मी मागच्या. आज कडी वाजलीच नाही. पावणेनऊपर्यंत तसाच उभा होतो. तू निघाला नाहीस, तर मी कोणाच्या मागून निघायचं? फार एकटं वाटलं रे.

तुझा,
धाकटा

ता. क. : ड्रिल मशीन माझ्याच माळ्यावर होतं. (दोन वर्षांपूर्वीच सापडलं. तोंड दाखवायची लाज वाटली.)

ता. क. २ : कामावर गेलो नाही. दार वाजवायला दोनदा हात उचलला, पण बोलायचं काय ते सुचेना, म्हणून हे लिहिलं. आता दाराखालून सरकवतोय आणि इथेच उभा आहे, हातात मऊ भाताचं पातेलं घेऊन. पातेलं तापलंय. कडी काढ.