होळीआधीचा कूलर

मंगळवार, दारव्हा

होळीआधी कूलर काढाचा नाही, हा मामाजींचा, माह्या सासऱ्याचा, नियम. पण होळीनंतर मिस्त्रीचा भाव दुप्पट होते. म्हणून यंदा जानेवारीतच, मामाजी लग्नाले गेलते तवा, सलीमभाई मिस्त्रीकडून कूलरच्या गवताच्या ताट्या बदलून घेतल्या, पैसे चुकते केले अन् कूलरवर चादर टाकली.

आज, होळी झाल्यावर, मामाजींनीच त्यायले बोलावलं. सलीमभाईनं उगाच पाना फिरवला, बटण दाबलं. गार हवा.

"पाह्य सूनबाई, होळीनंतरचंच काम पक्कं असते," म्हणत मामाजींनी पुऱ्या भावानं पैसे दिले. मी सलीमभाईच्या चहाच्या कपाकडंच पाहून राह्यली.

सलीमभाई गेल्यावर तो कप उचलला, तर मामाजींच्या त्याच नोटा बशीखाली.

थकली बाई मी या लपवालपवीनं. मामाजींले वापस देऊ, पण काय सांगून देऊ?