बटण न दाबता

२ नोव्हेंबर १९९८, जळगाव

पोचलो एकदाचा! बोदवडच्या भजनी मंडळातला पेटीवाला चुडामण आजपासून संगीतकार. अभिमनभाऊंच्या स्टुडिओत लग्नगीतांच्या कॅसेटचं काम मिळालंय, राहायला मागची खोली. दुपारी भाऊंनी भरीत-पुरी खाऊ घातली. बायको सुनंदा आमच्या कस्तुरीला घेऊन पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी येईल. लेकीचं नाव गुंफून रचलेली अंगाई सोडली तर माझ्या नावावर दुसरं काही नाही, पण आजचा रुबाब विचारू नका.

४ नोव्हेंबर

भाऊ धुळ्याकडचे, डोक्यानं भारी. कॉम्प्युटरवर गाणं भरायचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलाय. माझं जुनं रडगाणं असं, की चाल सुचते अंघोळीत आणि टेपचं लाल बटण दाबेपर्यंत पळून जाते. भाऊंच्या प्रोग्रामला बटणच नाही. माइक कायम चालू. गुणगुणलं की आपोआप जमा. आज चहा पिता पिता दोन चाली सापडल्या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!

७ नोव्हेंबर

त्या चाली लावून ऐकल्या. आवाज माझा, चाल मात्र अनोळखी. पेटीवर बोटं हलेनात. त्याच कॉम्प्युटरवर भाऊंच्या नावाची कितीतरी गाणी निघाली. शेजारचा चहावाला सांगतो, भाऊ एके काळी लग्नं गाजवायचे. मी त्यांना बोलावून त्यांच्याच आवाजातलं एक गाणं ऐकवलं. ते कौतुकानं म्हणाले, "हाऊ कोन गाई ऱ्हायना, भाऊ? गळा गोड शे."

मला वाटलं, स्वतःच्याच गाण्यावर 'हा कोण गातोय' म्हणत थट्टा करतायत. ते खरंच विचारत होते.

११ नोव्हेंबर

आज माइकची वायर काढली. दिवसभर तोंड मिटून बसलो. तरी संध्याकाळी नवी फाइल. कस्तुरीची आठवण आली म्हणून अंगाई नुसती मनात म्हटली होती — ती अख्खी आत, शब्दांसकट. भाऊंना सांगितलं. ते खूश होऊन म्हणाले, प्रोग्राम सुधारलाय, आता ओठांवर यायचीही गरज नाही.

१३ नोव्हेंबर

अंगाई आठवत नाही. एक ओळही नाही. फाइल पुसून टाकली असती — पण मग ती कुठेच उरणार नाही. ऐकतो तोवर असते, थांबली की जाते. पिशवी भरून बस स्टँडवर गेलो. कंडक्टरनं विचारलं, कुठलं तिकीट? गावाचं नाव सांगता येईना. लोक हसले. परत आलो.

१५ नोव्हेंबर

दारात एक बाई. कडेवर पोर. पोर मला पप्पा म्हणते —

गोड आहे. नाव विचारलं तर रडायलाच लागली. बाई माझा खांदा हलवते. म्हणते, अहो, नाव तुमच्याच गाण्यात आहे ना —

हेडफोन लावलाय. माझाच आवाज. नाव आलं. किती छान नाव. गाणं थांबायच्या आत लिहून ठेवतो. हिचं नाव —