एकुलतं एक चाक

४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुमची जुनी, भरभक्कम विमान कंपनी सोडून मी या दोन विमानांच्या स्वस्त कंपनीत कॅप्टन झाले, तेव्हा तू म्हणाला होतास की ठमी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस. असेल बाबा. पण काल माझ्या विमानात एक गवंडी बसला होता. विमानतळाच्या भिंती त्याने बांधलेल्या, आत मात्र पहिल्यांदाच आला होता. अख्खा प्रवास नुसता खिडकीला नाक लावून. उतरताना दाराशी थांबला आणि विमानाच्या अंगावर तळहात टेकवून उभा राहिला. माझ्या अंगावर काटाच आला रे!

विमान उतरलं की मी, सहवैमानिक आणि प्रवाशांची बडदास्त ठेवणाऱ्या दोघी मुली मिळून केर काढतो, सीटचे पट्टे जुळवतो, की निघालोच पुढच्या फेरीला. आमच्या मालकीणबाई म्हणतात, जमिनीवरचं विमान नुसतं खातं, उडतं तेच कमावतं. आता तुमच्या कंपनीने तिकीट आमच्याहून खाली आणलंय. त्यात आमची विमानं ज्याच्याकडून भाड्याने घेतलीत, त्याने बजावलंय की हंगाम संपेपर्यंत एक जरी फेरी रद्द झाली तर दोन्ही विमानं परत नेईन. म्हणजे आमचा कारभारच आटोपला. तेवढं होऊ नये म्हणून जीव टांगणीला लागलाय.

एकदा तरी माझ्या विमानात बस. आईला आणि वहिनीला नमस्कार. तिकीट हवं तेवढं उतरवा, लोभ उतरवू नका.

तुझी,
ठमी

१३ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. कॅप्टन होऊन केरच काढायचा होता तर घरात कधी झाडूला हात का लावला नाहीस, असं तिने विचारलंय. उत्तर तूच दे, मला मध्ये घेऊ नकोस.

चाकं बदलता बदलता माझे केस पिकले. अशा कंपन्या पुष्कळ पाहिल्या, शेपटीवरचा रंग वाळतो न वाळतो तोच बंद. आमचे साहेब उघड सांगतात की हंगामभर तोटा सोसू, पण यांना बाजारातून उठवूच. हत्तीला काय, नुसती कूस बदलायची असते. तुझ्या काळजीने अन्न गोड लागत नाही. बुडत्या नावेचं तिकीट मी काढायचा नाही. परत यायचं मनात आणलंस तर साहेबांकडे शब्द टाकतो.

आई बरी आहे. भांडलो तरी माया तीच, हे विसरू नकोस.

दादा

२ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ऐकून कपाळावर हात मारशील. काल तुमचं विमान आमच्या इथे उतरलं आणि त्याचा टायर फाटला. तुमचं जादा चाक तिकडे तुझ्या दुरुस्तीच्या हँगरमध्ये, इकडे माणसं ताटकळलेली. आमच्याकडे त्याच मापाचं एक चाक होतं, अगदी एकुलतं एक. तू मला पहिल्यांदा हँगरमध्ये नेलंस तेव्हा काय सांगितलं होतंस? अडलेल्या विमानाला चाक नाकारायचं नाही, मग ते वैऱ्याचं का असेना. मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की दे, आणि देवाचं नाव घे.

तुमचं विमान आमच्या चाकावर उडालं आणि आम्ही खुळ्यासारखे बघत राहिलो. आमची गिऱ्हाइकं आमच्याच चाकावर पळवली म्हणून सहवैमानिक पोट धरधरून हसला. मला हसू आलं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

चाक लवकर पाठव रे बाबा. आईला नमस्कार. चाक उसनं दिलंय, लोभ कायमचा.

ठमी

९ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

अगं वेडे! शिकवलं मी खरं, पण इतकं मनावर घ्यायला कोणी सांगितलं होतं? तुझं चाक काढून इथे ठेवलंय. साहेब म्हणतात सावकाश पाठवा, घाई काय आहे. पुन्हा विचारलं तरी तेच. त्या चाकासमोरून जाताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

जपून उतरत जा. आईचे आणि माझे आशीर्वाद पाठीशी आहेत.

दादा

२० ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्याच विमानतळावर उभी होते, तरी सकाळी तुझ्याशी बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. उतरताना धावपट्टीवर काहीतरी लागलं. थांबून पाहते तर टायर बसलेला. फेरी रद्द म्हणजे सगळंच संपलं. मालकीणबाईंना कळवायला फोन हातात घेतला, आणि तुमच्या हँगरचं दार उघडलं.

माझं चाक हाताने ढकलत, साहेबांच्या खिडकीखालून तू भर उन्हात येत होतास. मागून तुमचे सगळे मिस्त्री, कोणी जॅक घेऊन, कोणी पाने घेऊन. त्यांना कोणी बोलावलं होतं रे? आणि मग जिना उतरून साहेब आले. दादाची नोकरी गेली, एवढंच मनात आलं. त्यांनी कोट काढून बाजूला ठेवला, तुझ्या शेजारी गुडघे टेकले आणि नट आवळायला घेतले! विमानतळाच्या काचेला आमचे प्रवासी चिकटून उभे. मी इतकी वर्षं ढगांच्या वर हिंडते आहे, पण याच्याइतकं मोठं काही पाहिलं नाही.

साहेब तुला काय म्हणाले? सगळं कळव. तुझ्या लोभावरच ही चिमुकली कंपनी उभी आहे, तो आटू देऊ नकोस.

ठमी

९ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हंगाम संपेपर्यंत मुद्दाम लिहिलं नाही, म्हटलं दृष्ट नको लागायला. साहेब हात पुसत एवढंच म्हणाले की तिकीट उद्या आणखी उतरवणार, लढाई ती लढाई. पण चाक अडवून जिंकलो हे मी घरी कोणत्या तोंडाने सांगू, म्हणाले. मग कोट उचलून गेले. दुसऱ्या दिवशी तिकीट खरंच उतरवलं!

तरी तुमची एकही फेरी चुकली नाही, विमानं राहिली आणि तिसरंही येतंय म्हणे. शाब्बास गं! पुढच्या हंगामात काय होईल, मी सांगू शकत नाही. हत्ती अजून हत्तीच आहे.

परवा आईला आणि मला तुमच्या विमानात तू पाहिलंस. तुला जे दिसलं नाही तेवढं सांगतो. आमच्या कंपनीत मला प्रवास फुकट, तरी रांगेत उभा राहून तुमची दोन तिकिटं काढली. जन्मभर विमान पोटाखालून पाहिलं मी. वर ढगांवर ऊन पसरलेलं, आणि त्यात कॅप्टन म्हणून घोषणा करणारा तुझा आवाज आला. आईने माझा हात धरून विचारलं, ही आपलीच ना? मी मान डोलावली.

उतरल्यावर तू झाडू घेऊन आलीस. आई तुझ्याकडे बघत राहिली आणि माझ्या कानात म्हणाली की बरा काढते की केर! मी पट्टे जुळवत शेवटच्या रांगेपर्यंत गेलो तो उगाच नाही. डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती. वळून पाहिलं तर पुढच्या फेरीची माणसं दाराशी उभी होती, आणि सगळ्यांत पुढची बाई विमानाच्या अंगावर तळहात टेकवून आत यायची वाट बघत होती.

माया आहेच. आता तिकीटही तुमचंच काढत जाईन.

दादा